क्रुसावरील अक्षरे : पंडिता रमाबाईंचा धर्मशोध

नांदेड-लातूरकडून कुर्डुवाडीमार्गे पुण्यास जाणारी रेल्वेगाडी दौंड मागे टाकल्यानंतर केडगाव नावाच्या एका लहान स्थानकावरून पुढे जाते. बहुतेक प्रवाशांना त्या गावाची दखल घेण्याचे कारण नसते. येथे पंडिता रमाबाई यांनी वसविलेले मुक्ती मिशन आहे आणि त्यांचा देहही याच मातीत विसावला आहे. आपल्या मुली शालेय पुस्तकांत त्यांचे नाव वाचतात; स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, विधवांच्या आश्रयदात्या, एवढ्या दोन विशेषणांवर त्यांची ओळख संपते. परंतु रमाबाई या सर्वांआधी ईश्वराचा मार्ग शोधणाऱ्या एक व्याकुळ जीव होत्या. ती बाजू पुस्तकांत येत नाही, आणि खरे तर तीच समजून घेण्याजोगी आहे.

आपल्या घरांतही एक प्रश्न अधूनमधून डोके वर काढतो. एखाद्या शाळेच्या कमानीवर, दवाखान्याच्या भिंतीवर किंवा वर्गमैत्रिणीच्या गळ्यात क्रूस दिसतो आणि मूल विचारते की हे लोक या चिन्हाला एवढे का मानतात. आई-वडील सांगतात की आपण ते मानत नाही. उत्तर खरे असते, पण विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नसते. अहले किताबशी संवाद करावयाचा तर तो उत्तम रीतीनेच करावा, असा आदेश सूरह अन्कबूतच्या ४६व्या आयतीत आहे. समोरचा काय मानतो हे ठाऊक नसताना उत्तम रीतीचा संवाद होणार कसा? म्हणून क्रुसाचा अर्थ येथे एका व्यक्तीच्या चरित्रातून पाहावयाचा आहे. या व्यक्तीने तो अर्थ डोळे मिटून स्वीकारला नाही. आठ-नऊ वर्षे त्याच्याशी झगडा केला.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी, आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ नावाच्या ठिकाणी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे विद्वान. स्त्रीला संस्कृत शिकविणे त्या काळी अधर्म मानला जात असे. अनंतशास्त्रींनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ती विद्या दिली. त्यासाठी त्यांना पंडितांच्या सभेत उभे राहून जाब द्यावा लागला व शास्त्रांचे आधार दाखवावे लागले. रानातल्या त्या घरात पहाटे उठून आई मुलीला श्लोक पाठ करून घेई. पुढे परिस्थिती खालावली आणि हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, मंदिरांत पुराणे सांगत, मिळेल त्या दक्षिणेवर जगत गावोगाव फिरू लागले. विशीच्या आतच रमाबाईंना सहस्रावधी श्लोक मुखोद्गत होते.

त्यानंतर १८७४ ते १८७७ या काळातील दुष्काळ आला. या कुटुंबाने जे काही होते ते दानधर्मात आणि व्रतांत आधीच खर्च केले होते. कष्टाचे काम करणे त्यांच्या प्रतिष्ठेत बसत नव्हते, भीक मागण्याची लाज वाटे. रानातली पाने खाऊन त्यांनी दिवस काढले. दृष्टी गमावलेले वृद्ध वडील प्रथम गेले. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेऊन धर्माचा मार्ग न सोडण्याविषयी आणि ईश्वराची सेवा करण्याविषयी सांगितले. थोड्याच काळात आई गेली, मग थोरली बहीण. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले. दोघांनी हिंदुस्थानभर चार हजार मैलांहून अधिक पायपीट केली. मूर्तींपुढे उपवास केले, व्रते पाळली, पवित्र मानलेल्या सरोवरांकाठी चमत्काराची वाट पाहिली. काही घडले नाही, आणि जुन्या श्रद्धेचा धागा हळूहळू तुटत गेला.

१८७८ साली भाऊ-बहीण कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली व तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. कलकत्त्यातच तिने ख्रिस्ती प्रार्थना प्रथम पाहिली. खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटलेली ती माणसे पाहून भावा-बहिणीस वाटले की हे लोक खुर्च्यांचीच पूजा करीत आहेत! हा प्रसंग पुढे रमाबाईंनी स्वतःच मिस्कीलपणे नोंदविला आहे. आपल्या नमाजकडे प्रथमच पाहणाऱ्या शेजाऱ्याच्याही अशाच काही समजुती होत असतील; बाहेरून पाहिलेली उपासना नेहमीच अर्धी दिसते.

कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी त्यांना वेद वाचावयास सांगितले. धर्मशास्त्रांचे वाचन जसजसे वाढले तसतसा एक प्रश्न त्यांना सलू लागला. त्यांनी जे ग्रंथ वाचले त्यांत अनेक बाबींवर मतभेद होते. परंतु स्त्री ही स्वभावतः दूषित आहे आणि स्त्रीला व शूद्राला त्याच जन्मी मोक्षाचा स्वतंत्र अधिकार नाही, या दोन बाबींवर त्यांना एकवाक्यता आढळली. हा त्यांनी स्वतः काढलेला निष्कर्ष आहे. दुसऱ्याच्या धर्मग्रंथांवर निर्णय देण्याचे हे स्थळ नव्हे, म्हणून आपण त्याची केवळ नोंद करू. पण हा प्रश्न ध्यानात ठेवल्याशिवाय त्यांचा पुढचा प्रवास उमगत नाही. मला, एका स्त्रीला, माझ्या निर्मात्याजवळ थेट जाता येईल काय, एवढेच त्या विचारीत होत्या.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता, म्हणून दोन्हीकडून बहिष्कार आला. आसामच्या बाजूस सिल्चर येथे संसार सुरू झाला. पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन काही समजावू लागला. पतीस ते रुचले नाही. मुलगी मनोरमा काही महिन्यांची असतानाच, १८८२च्या फेब्रुवारीत, बिपिनबिहारी पटकीने दगावले. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी आणि स्त्री-डॉक्टरांच्या गरजेविषयी साक्ष दिली. हे सर्व सुप्रसिद्ध आहे, त्यावर येथे थांबत नाही. १८८३ साली वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडला निघाल्या. वाँटेज येथील सेंट मेरीच्या जोगिणींच्या मठात त्यांची सोय झाली. कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे डॉक्टर होण्याचे स्वप्न मावळले. धर्मांतर करणार नाही असे त्या निघताना सांगत होत्या. पण २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

का घेतला? त्यांच्या स्वतःच्या कथनानुसार दोन गोष्टी घडल्या. लंडनजवळ फुलहॅम येथे जोगिणी वाईट मार्गास लागलेल्या स्त्रियांची सेवा करीत होत्या, त्यांना माणसात आणीत होत्या. ज्या स्त्रियांकडे समाज पाठ फिरवितो त्यांच्यासाठी एवढी करुणा कोठून येते, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा त्यांना विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची आणि येशूने तिच्याशी केलेल्या संभाषणाची कथा वाचून दाखविण्यात आली. दुसरी गोष्ट म्हणजे काशीचे मराठी पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे, जे आधीच ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोऱ्हे झाले होते, त्यांचे लिखाण. प्रार्थना समाजाच्या लोकांना उद्देशून त्यांनी लिहिलेल्या पुस्तिकेने रमाबाईंच्या बुद्धीचे समाधान झाले. हृदय फुलहॅमने वळविले, बुद्धी गोऱ्ह्यांनी. क्रूस मात्र अजून या दोहोंत कोठेही नव्हता.

येथे थोडे थांबून ख्रिस्ती श्रद्धेत क्रुसाचे स्थान काय, हे पाहिले पाहिजे. क्रूस हे रोमन साम्राज्यातील देहदंडाचे साधन. गुलाम, बंडखोर आणि समाजाच्या तळाशी असलेले गुन्हेगार यांना लाकडावर खिळून तिष्ठत मारले जाई. त्यात वेदनेइतकीच विटंबना असे. अशा साधनाला कोणी पवित्र मानावे हे वरवर विपरीत वाटते. ख्रिस्ती शिकवण अशी की आदमच्या अवज्ञेमुळे मनुष्यजात पापाखाली आली, आणि ते ओझे मनुष्यास आपल्या सत्कृत्यांनी फेडता येणार नाही. ईश्वर न्यायी आहे, म्हणून पापाकडे डोळेझाक करीत नाही. तो प्रेममय आहे, म्हणून पाप्याचा नाश इच्छीत नाही. न्याय आणि प्रेम यांची गाठ क्रुसावर पडते, असे ते मानतात. निष्पाप येशूने सर्वांच्या वतीने ते मरण पत्करले, तिसऱ्या दिवशी तो उठला, आणि जो त्यावर विश्वास ठेवतो त्याचे ऋण फिटते. म्हणून गुड फ्रायडे हा त्यांच्या दृष्टीने शोकाचा आणि तरीही शुभ असा दिवस. कॅथॉलिक चर्चमध्ये क्रुसावर येशूची आकृती असते; बहुतेक प्रॉटेस्टंट चर्चमध्ये क्रूस रिकामा असतो, कारण त्यांना मरणाबरोबरच पुनरुत्थानाचीही आठवण द्यावयाची असते. त्या लाकडाची पूजा करतो, असे विचारी ख्रिस्ती मनुष्य म्हणणार नाही. हे त्याच्या तोंडून ऐकून घेणे हा न्यायाचा भाग आहे.

मुसलमानाची श्रद्धा येथे स्पष्टपणे वेगळी आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. सूरह निसाच्या १५७ व १५८ या आयतींनुसार हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांना त्यांच्या शत्रूंनी ठार केले नाही व सुळावरही चढविले नाही. त्यांना तसा भास झाला, आणि अल्लाहने आपल्या पैगंबरास आपल्याकडे उचलून घेतले. मतभेद केवळ एका घटनेपुरता नाही. हजरत आदम (अलैहिस्सलाम) यांची तौबा अल्लाहने कबूल केली, हे सूरह बकरहच्या ३७व्या आयतीत आहे. म्हणजे वारशाने येणारे पाप शिल्लकच राहिले नाही. कोणी ओझे वाहणारा दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हा नियम सूरह नज्ममध्ये आहे. आणि माफीसाठी कोणाच्या रक्ताची अट अल्लाहने घातलेली नाही. तौबेचे दार उघडे आहे, त्याच्या रहमतीविषयी निराश होऊ नये, अशी सूरह जुमरची हाक आहे. ख्रिस्ती बंधूंना क्रुसावर जे प्रेम दिसते ते आपल्याला रहमान आणि रहीम या नावांत दिसते. प्रश्न एकच आहे, पाप्याने जावे कोठे. उत्तरे मात्र दोन आहेत.

आता रमाबाईंकडे परत येऊ, कारण खरी गोष्ट येथून पुढे आहे. बाप्तिस्मा झाला तरी त्यांच्या मनातील प्रश्न संपले नव्हते. वाँटेजहून त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्याकडे शिकावयास व संस्कृत शिकवावयास गेल्या. तेथून सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तो फारसा मनावर घेतलेला नाही, याचे मला नवल वाटते. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता होत्या. रमाबाई त्यांना मान देत, पण नमत नसत.

वाद एका क्रुसावरून पेटला. मठाच्या रीतीचा क्रूस रमाबाईंनी गळ्यात घालावा अशी अपेक्षा होती आणि त्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी नकार दिला. लॅटिन ना माझी मातृभाषा, ना माझ्या देशाची भाषा. जी अक्षरे मला कळत नाहीत ती मी का मिरवावी, असा त्यांचा मुद्दा होता. लॅटिनमध्ये संस्कृतहून काय अधिक आहे, की ब्राह्मण जसे संस्कृतला देववाणी समजतात तसे तुम्ही लॅटिनला समजता, असा टोकदार प्रश्नही त्यांनी केला. अक्षरे असावयाचीच असतील तर ती संस्कृत असावीत, असे त्यांनी कळविले. संस्कृत पवित्र आहे म्हणून नव्हे, तर ती आपल्या देशाची प्राचीन आणि सुंदर भाषा आहे म्हणून. साम्राज्य गोऱ्यांचे, आश्रय गोऱ्यांचा, पदरात लहान मूल, आणि तरीही या पंचविशी ओलांडलेल्या विधवेने हे लिहिले, ही साधी गोष्ट नव्हे.

पण भाषेचा वाद हा वरचा पापुद्रा होता. आत अकीद्याचा वाद होता. येशूचे ईश्वरत्व, त्रैक्य, त्याविषयीचे चर्चचे ठराव हे सारे रमाबाईंना मान्य होईना. बायबलमध्ये येशू पित्याची प्रार्थना करतो, पित्यास आपल्याहून थोर म्हणतो, मग तो स्वतःच ईश्वर कसा, अशी त्यांची विचारसरणी होती. अथनेशियसच्या नावाने चालणारे श्रद्धावचन आपण स्वीकारू शकत नाही असे त्यांनी सांगितले. एका ईश्वरावर आपला विश्वास आहे, त्याच विश्वासाने आपण बाप्तिस्मा घेतला, ही त्यांची भूमिका होती. सिस्टर जेराल्डिन यांनी त्यांना अहंकारी म्हटले, धर्मगुरूंच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचा सल्ला दिला. त्यावर रमाबाईंनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की हिंदुस्थानातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून आपण मोठ्या प्रयासाने मान सोडविली आहे. आता दुसऱ्या पुरोहितांचा शब्द ईश्वराची आज्ञा समजून तसेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही.

हे वाचताना मदरशात हदीसचा दर्स घेतलेल्या कोणालाही अदी बिन हातिम (रजि.) आठवल्यावाचून राहणार नाहीत. ते ख्रिस्ती असताना गळ्यात सोन्याचा क्रूस घालून पैगंबर (सल्ल.) यांच्याकडे आले, अशी रिवायत तिर्मिजींनी दिली आहे, तिच्या सनदीविषयी मुहद्दिसांनी चर्चा केली आहे. पैगंबरांनी त्यांना तो काढून ठेवण्यास सांगितले आणि सूरह तौबाची ३१वी आयत वाचली. तीत आपल्या विद्वानांना व संन्याशांना अल्लाहऐवजी पालनकर्ते मानणाऱ्यांचा उल्लेख आहे. पूजा करणे एवढाच तेथे अर्थ नव्हता. धर्मगुरूंनी हलाल म्हटले ते हलाल आणि हराम म्हटले ते हराम असे निमूटपणे मानणे, हा त्या आयतीचा खुलासा त्याच रिवायतीत आहे. क्रूस आणि पुरोहिताची सत्ता या दोन गोष्टी रमाबाईंच्या पत्रांतही अशाच शेजारी शेजारी येतात.

या टप्प्यावर आपल्या वाचकांच्या मनात एक मोह निर्माण होईल: रमाबाई तौहीदच्या उंबरठ्यावर होत्या, थोडे पुढे पाऊल टाकले असते तर त्या आपल्याच होत्या, असे म्हणण्याचा. हा मोह आवरला पाहिजे. त्यांच्यापर्यंत कुरआनचा संदेश यथार्थ रूपात पोहोचला असता तर काय झाले असते, हे अल्लाहच जाणे. मृत माणसाच्या तोंडी त्याने न काढलेले शब्द घालणे ही साक्षीतील खोट आहे, आणि सूरह निसामध्ये साक्ष स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी खरी देण्याचा आदेश आहे. खरी साक्ष अशी की रमाबाई पुढे निघाल्या त्या क्रुसाच्या दिशेने.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ साली निघाले, बोस्टनमध्ये त्यांच्या कार्यास साहाय्य देणारी संस्था उभी राहिली. परत आल्यावर अमेरिकेतील लोकस्थितीवर त्यांनी मराठीत जे पुस्तक लिहिले ते आजही प्रवासवर्णनाचा नमुना म्हणून वाचावे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. विधवा मुलींना आपापल्या धर्माचे आचार पाळण्याची तेथे मोकळीक होती.

याच सुमारास, १८९१ साली, त्यांच्या अंतःकरणात तो बदल झाला. विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. तो गृहस्थ धर्मोपदेशक असूनही आपल्याला तारणाचा अनुभव नाही हे त्याला उशिरा कळले होते. रमाबाईंना आरशात पाहिल्यासारखे झाले. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ज्याच्या नावाने तो धर्म आहे तो सापडला नाही, असे त्यांना वाटू लागले. बाप्तिस्मा, प्रार्थना, सत्कृत्ये हे सर्व त्यांनी आजवर चढावयाच्या पायऱ्या म्हणून केले होते. लहानपणीची व्रते आणि तीर्थे होती तशाच. आता त्यांना असे जाणवले की चढून जावयाचे काही नाही, क्रुसावर सर्व फेडले गेले आहे, पाप्याने केवळ स्वीकारावयाचे आहे. ज्या क्रुसावरील अक्षरांवरून त्या भांडल्या होत्या त्याचा अर्थ त्यांच्यापुरता असा उलगडला. त्यानंतर त्यांची शंकाकुल पत्रे थांबली.

या उत्तराशी आपण सहमत नाही. परंतु ते उत्तर ज्या भुकेला मिळाले ती भूक समजावी. ज्या मुलीने आई-वडिलांना उपाशी मरताना पाहिले, सर्व विधी करून पाहिले, आणि स्त्री म्हणून आपण दारातच अडविलेल्या आहोत असे जिला सतत वाटले, तिला बिनअट स्वीकाराचा शब्द हवा होता. तो शब्द पश्चात्ताप करणाऱ्या बंद्याकडे धावत येणाऱ्या अल्लाहच्या कृपेतही आहे. स्त्री-पुरुष भेद न करता आमाल कबूल करण्याचे वचन सूरह आले-इमरानच्या अखेरीस आहे. विधवा हजरत खदीजा (रजि.) या उम्मतच्या पहिल्या मोमिन होत. मग हा शब्द पुण्यातल्या, मुंबईतल्या, हैदराबादच्या निजामी मुलखातल्या आपल्या पूर्वजांनी त्या काळी किती विधवांच्या दारापर्यंत नेला? आणि आज ज्या घरांत मुलीचा वारसाहक्क भावाच्या नावे लिहून घेतला जातो, त्या घरातून तो बाहेर जाईल तरी कसा?

क्रुसाचा अर्थ सापडल्यावर संकटे वाढली. १८९३ साली पुण्यात ओरड झाली की सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात व त्यांना ख्रिस्ती केले जात आहे. केसरीने टीका केली. सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की आपण कोणास बोलावीत नाही, पण आपल्या प्रार्थनेच्या खोलीचे दारही बंद करणार नाही.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार, उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, शेती केली, इमारती उभारल्या. १९००च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील स्त्री-मुलांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन, वाट चुकलेल्यांसाठी कृपा सदन, विणकाम, तेलघाणा, छापखाना. पुण्यातील प्लेगच्या वेळी सरकारी रुग्णालयात आपल्या आश्रमातील मुलीची झालेली हेळसांड त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर केली आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. राज्यकर्त्यांचा आणि आपला धर्म एक, म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

मात्र एक शंका येथे नोंदविलीच पाहिजे. भुकेने व्याकूळ झालेल्या पोरक्या मुलीने आश्रयदात्याचा धर्म स्वीकारला, तर त्या स्वीकारात तिची मर्जी किती आणि भाकरी किती? दीनमध्ये जबरदस्ती नाही, या बकरहच्या २५६व्या आयतीच्या कसोटीवर हा प्रश्न अवघड आहे. रमाबाईंचा हेतू निर्मळ होता असे मी मानतो. त्यांच्या छायेतील मुलींना दुसरे दार उघडे नव्हते हेही खरे. पण ते दुसरे दार उघडे नसण्याचा दोष एकट्या रमाबाईंचा म्हणता येत नाही. सूरह माऊन अनाथाला धक्के देणाऱ्याविषयी बोलते, आणि तेथे अनाथाचा धर्म विचारलेला नाही.

आणखी एका गोष्टीचा खुलासा, कारण तरुण मुले ती अर्धवट ऐकतात. हजरत ईसा (अलैहिस्सलाम) पुन्हा येतील तेव्हा क्रूस मोडतील, अशी सहीह हदीस आहे. आलिमांनी तिचा अर्थ असा सांगितला आहे की त्यांच्या नावाने रूढ झालेली धारणा ते स्वतः निकालात काढतील. ते काम त्यांचे आहे. आपल्या हातात कोणी हातोडा दिलेला नाही. बैतुल मुकद्दसच्या रहिवाशांना हजरत उमर (रजि.) यांनी दिलेले जे अभयपत्र तबरींच्या इतिहासात आले आहे, त्यात प्राण, मालमत्ता आणि चर्च यांच्याबरोबर क्रुसांनाही अभय आहे. दुसऱ्यांच्या आराध्यांना अपशब्द बोलू नयेत, ही सूरह अनआमची ताकीदही तेथेच लागू होते.

रमाबाईंची शेवटची वर्षे एका पुस्तकात गेली. प्रचलित मराठी बायबलची भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, आणि त्यातील कित्येक संस्कृत शब्द जुन्या कल्पना सोबत घेऊन येतात, असे त्यांचे मत झाले. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व मूळ ग्रंथावरून साध्या मराठीत नवे भाषांतर करू लागल्या. इंग्लंडमध्ये लॅटिन अक्षरांना नकार देऊन संस्कृतचा आग्रह धरणारी ही स्त्री आता संस्कृतही बाजूस ठेवून चूल-मुलाच्या मराठीकडे आली होती. कुरआनचे मराठी भाषांतर करताना शब्दांची हीच ओढाताण होते. इलाह, रब, इबादत यांसाठी मराठी शब्द घ्यावा तर त्याच्याबरोबर दुसरीच कल्पना येते, आणि अरबी ठेवावा तर वाचणाऱ्यास कळत नाही. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना रमाबाईंची अडचण सांगावी लागणार नाही.

घरच्या आघातांनी मात्र त्यांना सोडले नाही. निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्यास, त्यांनी शाळा काढली होती आणि ती मनोरमा सांभाळीत असे. आईच्या माघारी सर्व कार्य तिनेच चालवावयाचे, असे ठरल्यासारखे होते. १९२१ साली मनोरमा वारली. बंगालपासून इंग्लंडपर्यंत जिला कडेवर घेऊन फिरल्या ती एकुलती एक लेक आईच्या आधी गेली. रमाबाई मुद्रिते तपासीत राहिल्या. आयुष्यभर त्या पांढऱ्या लुगड्यात राहिल्या आणि शाकाहारीच राहिल्या. वाँटेजमध्येही अन्नाचा नेम मोडला नव्हता.

५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. बायबलचे काम पूर्ण झाले होते, छपाई उरली होती. मुक्ती मिशनच्या छापखान्यात, दुष्काळातून आणलेल्या आणि येथेच अक्षर ओळखावयास शिकलेल्या स्त्रियांनी त्याचे खिळे जुळविले, आणि १९२४ साली तो ग्रंथ बाहेर पडला.